परवानगी होती, पण कशाची? फ्रेडरिक वाइजमन यांच्या पहिल्या माहितीपटाचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकन माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांच्या अगदी पहिल्या सिनेमाचं आहे. १९६६ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रिजवॉटर इथल्या मनोरुग्ण कैद्यांच्या सरकारी रुग्णालयात चित्रीकरण केलं. १९६७ च्या सप्टेंबरात 'टिटिकट फॉलीज' न्यूयॉर्कला पडद्यावर आला आणि लगेच कोर्टात अडकला. सर्वसामान्य प्रेक्षकाला तो बघायची मोकळीक मिळायला १९९१ उजाडलं. अश्लीलता, अनैतिकता किंवा राष्ट्रीय सुरक्षा सोडून भलत्याच कारणाने अमेरिकेत बंदी आलेला हा पहिला सिनेमा, असं मानलं जातं. कारण होतं रुग्णांचा खासगीपणा.

सिनेमात दिसणाऱ्या काही रुग्णांची नावं पडद्यावर ऐकू येतात. इथे ती मुद्दाम घेतलेली नाहीत. अधिकारी आणि न्यायाधीश यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ती ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

वाइजमन यांचा जन्म १९३० चा, बॉस्टनचा. शिक्षणाने वकील, येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले. पुढे ते बॉस्टन विद्यापीठात कायदा शिकवत होते आणि वर्गात बसून शिकवणं त्यांना कंटाळवाणं वाटत असे. म्हणून ते विद्यार्थ्यांना घेऊन तुरुंग, रुग्णालयं अशा जागी जात. ही मुलं उद्या सरकारी वकील होणार, न्यायाधीश होणार. आपण माणसाला शिक्षा सुनावून कुठे धाडतो ते त्यांनी एकदा तरी बघावं, एवढाच साधा हिशोब. ब्रिजवॉटर त्या फेऱ्यांमध्ये होतं.

सिनेमाशी त्यांची ओळख निर्माता म्हणून झाली. शर्ली क्लार्क यांनी दिग्दर्शित केलेल्या, हार्लेममध्ये चित्रित झालेल्या 'द कूल वर्ल्ड' (१९६३) चे ते निर्माते होते. सिनेमा बनवण्यात काही गूढ नाही, आपल्यालाही जमेल, हा आत्मविश्वास त्यांना तिथून आला. काळही अनुकूल होता. खांद्यावर घेता येणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून आवाज टिपणारा हलका टेपरेकॉर्डर ही जोडी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हाताशी आली होती. दोन-तीन माणसं, दिव्यांचा लवाजमा नाही, अशा तयारीने कुठल्याही खोलीत शिरता येत होतं. कॅमेऱ्यासाठी त्यांनी जॉन मार्शल यांना घेतलं. मार्शल यांच्या गाठीशी कलाहारी वाळवंटातल्या शिकारी जमातींमध्ये केलेल्या चित्रीकरणाचा मोठा अनुभव होता. आवाजाची बाजू स्वतः वाइजमन यांनी सांभाळली, आणि पुढे आयुष्यभर तीच सांभाळली.

आता ब्रिजवॉटर. नाव रुग्णालयाचं, पण कारभार राज्याच्या सुधारणागृह खात्याकडे, म्हणजे तुरुंग चालवणाऱ्या खात्याकडे. वॉर्डात परिचारकांपेक्षा गणवेशातले पहारेकरी जास्त. गुन्हा सिद्ध झालेले, खटला उभा राहण्यापूर्वी मानसिक तपासणीसाठी पाठवलेले आणि शिक्षेची मुदत केव्हाच संपूनही आतच राहिलेले असे सगळे पुरुष एका आवारात.

तिथले अधीक्षक चार्ल्स गॉन यांना सिनेमा हवा होता, हे या प्रकरणात विसरून चालत नाही. इमारत जुनाट, डॉक्टर अपुरे, पैसा नाही. लोकांनी आतलं चित्र पाहिलं तर विधिमंडळ हात सैल सोडेल अशी त्यांना आशा होती. त्यांना अपेक्षित सिनेमा संस्थेची बाजू मांडणारा होता. वाइजमन यांच्या डोक्यात काय होतं? चित्रीकरणापूर्वीच्या प्रस्तावात एक प्रौढ कैदी, एक अल्पवयीन गुन्हेगार आणि एक पहारेकरी अशा तिघांच्या नजरेतून संस्था दाखवण्याची कल्पना आहे. तयार सिनेमात या त्रिकुटाचा मागमूस नाही. माहितीपटात असं होतंच. आत गेल्यावर कागदावरची योजना गळून पडते. पण परवानगी देणाऱ्याच्या फायलीत मात्र तो कागद तसाच राहतो.

परवानगी कशी मिळाली

सुधारणागृह खात्याचे आयुक्त जॉन गॅव्हिन सुरुवातीला राजी नव्हते. तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्याच्या कारभारात गव्हर्नरच्या खालोखालचे, एलियट रिचर्डसन यांनी मध्ये पडून शब्द टाकला. ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, एडवर्ड ब्रुक यांच्या कार्यालयाचा सल्ला घेतला गेला आणि १९६६ च्या वसंतात दरवाजा उघडला.

अटींपैकी काही गोष्टींवर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. संमती द्यायला कायद्याने सक्षम असलेल्या रुग्णांचंच चित्रीकरण करायचं. कोण सक्षम आणि कोण नाही हे रुग्णालयाच्या लोकांनी सांगायचं. चित्रीकरणाच्या वेळी संस्थेचा माणूस सोबत राहील.

वादाची अट वेगळीच होती. तयार सिनेमा राज्याने पाहून मंजूर केल्याशिवाय दाखवायचा नाही, असं ठरलं होतं का? राज्याचं म्हणणं, हो, तोंडी ठरलं होतं. वाइजमन यांचं म्हणणं, असं काही ठरलं नव्हतं; संपादनाचा हक्क कुणाला देऊन मी सिनेमा करणंच शक्य नव्हतं. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला, हे स्पष्ट लिहिलेला करार कुठेच नाही. एक कायद्याचा प्राध्यापक, एक आयुक्त, एक अधीक्षक आणि खुद्द ॲटर्नी जनरलचं कार्यालय एवढे कायदेपंडित एका व्यवहारात असताना हे कलम लेखी नसावं, याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणायला मी तयार नाही. लिहायला बसले असते तर मतभेद तिथेच उघडे पडले असते आणि बहुधा चित्रीकरण झालंच नसतं. मोघमपणा दोघांच्याही सोयीचा होता, काम सुरू होईपर्यंत.

पडद्यावर काय आलं

चित्रीकरण २९ दिवस चाललं. सुमारे ८०,००० फूट फिल्म खर्ची पडली, म्हणजे सदतीस तासांच्या आसपासचं चित्रण. त्यातून ८४ मिनिटांचा कृष्णधवल सिनेमा निघाला. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, वरून घातलेलं संगीत नाही. रुग्ण आणि कर्मचारी मिळून रंगमंचावर जो करमणुकीचा कार्यक्रम करत, त्याचंच नाव सिनेमाला दिलेलं आहे.

काही प्रसंगांचा उल्लेख करावाच लागेल, कारण कोर्टात वाद त्यांच्यावरच झाला. रुग्णांना विवस्त्र करून झडती घेतली जाते. एका नग्न माणसाला पहारेकरी त्याच्या खोलीच्या घाणीवरून तोच तोच प्रश्न विचारून डिवचत राहतात. तो संतापतो, पाय आपटतो, आणि त्यांना तेच हवं असतं. एक तरुण रुग्ण डॉक्टरांच्या मंडळासमोर अतिशय मुद्देसूदपणे सांगतो की इथे राहून माझी प्रकृती बिघडते आहे, मला परत तुरुंगात पाठवा. तो गेल्यावर डॉक्टर त्याच्या या युक्तिवादालाच आजाराचं लक्षण ठरवतात आणि औषध वाढवायचं ठरतं. आणखी एका रुग्णाने जेवण सोडलेलं आहे. त्याच्या नाकातून नळी घालून अन्न ओततात. ओतणाऱ्या डॉक्टरच्या ओठांत सिगारेट, तिची राख लांबत जाते आणि खाली नरसाळं. या दृश्याच्या मध्ये मध्ये त्याच माणसाच्या मृतदेहाची दाढी होत असल्याची दृश्यं पेरली आहेत. नंतरच्या काळात वाइजमन यांना स्वतःलाच ही जोडणी फार बटबटीत वाटू लागली. मलाही वाटते. बाकीचा सिनेमा प्रेक्षकावर भरवसा ठेवतो, इथे तेवढा तो ओरडून सांगतो.

अडचण नेमकी कुठे होती

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की कोर्टालाही त्या नीट सोडवता आल्या नाहीत.

पहिली संमतीची. कॅमेऱ्यासमोर अनेक जण विवस्त्र, भ्रमात, किंवा औषधांच्या अमलाखाली आहेत. त्यांच्यापैकी लेखी संमतीपत्रं देणारे मोजकेच. वाइजमन यांची बाजू अशी होती की समोर कॅमेरा दिसत होता, विरोध कुणी केला नाही, आणि जिथे रुग्णालयाच्या माणसाने थांबा म्हटलं तिथे आम्ही थांबलो. पण जो माणूस आपण कुठे आहोत हेच सांगू शकत नाही, त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार कसा?

दुसरी अडचण पालकत्वाची. जे स्वतः संमती देऊ शकत नाहीत त्यांच्या वतीने बोलणार कोण? कायद्याचं उत्तर, राज्य. आणि सिनेमात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण आहे? तेच राज्य. रुग्णाला नागडं ठेवणारेही तेच, आणि त्याचं नागडेपण लोकांनी पाहू नये म्हणून कोर्टात जाणारेही तेच. खासगीपणाचा मुद्दा खोटा होता असं मला म्हणायचं नाही. तो खरा होता. फक्त तो मांडायला उभा राहिलेला पक्ष भलताच होता.

१९६७ : तीन महिन्यांत पालटलेली हवा

जून १९६७ मध्ये वाइजमन यांनी सिनेमा गॉन आणि रिचर्डसन यांना दाखवला. रिचर्डसन तोवर ॲटर्नी जनरल झाले होते. वाइजमन यांच्या सांगण्याप्रमाणे दोघांनाही तो आवडला. या प्रसंगी कुणी कागदावर काहीही उतरवलं नाही: सिनेमा पाहिला, हरकत नाही, किंवा हरकत आहे, यांपैकी काहीही नाही. दुसरी संधी हुकली.

मग सिनेमाबद्दल छापून येऊ लागलं. मिनेसोटातल्या एका माजी समाजसेविकेने परीक्षण वाचून थेट गव्हर्नर जॉन व्होल्पी यांना पत्र लिहिलं की नग्न मनोरुग्णांचं चित्रीकरण करायची परवानगी तुमच्या सरकारने दिलीच कशी. तिने सिनेमा पाहिलेला नव्हता. पण प्रश्न राजकीय झाला, आणि परवानगी मिळवून देणाऱ्या माणसाला, म्हणजे रिचर्डसन यांना, आता अंतर ठेवणं भाग पडलं.

समोरचे पर्याय

राज्यापुढे चार वाटा होत्या. सिनेमा चालू द्यायचा आणि टीका सोसायची. वाइजमन यांच्याशी बोलून काही दृश्यं वगळून घ्यायची. सिनेमा पुढे करून विधिमंडळाकडे पैसा मागायचा. गॉन यांचा मूळ हेतू तोच होता. किंवा मनाई हुकूम मागायचा. राज्याने शेवटची वाट धरली. विधिमंडळाची चौकशीही त्याच शरदात झाली, आणि तिथे रुग्णालयाच्या अवस्थेपेक्षा कॅमेरा आत शिरला कसा यावरच जास्त वेळ गेला.

वाइजमन यांच्यापुढे तीन पर्याय होते. तडजोड करून दृश्यं कापायची. राज्याशी समझोता होईपर्यंत सिनेमा रोखून धरायचा. किंवा मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीबाहेर लवकरात लवकर प्रदर्शित करून टाकायचा. त्यांनी तिसरा निवडला. सप्टेंबरच्या शेवटी न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात सिनेमा झाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ग्रोव्ह प्रेस या प्रकाशन संस्थेमार्फत तिथल्याच एका चित्रपटगृहात लागला.

हा निर्णय मला समजतो, पण त्याची किंमत त्यांनी नीट जोखली होती असं वाटत नाही. महोत्सव ठीक. तिकीट लावून केलेल्या व्यावसायिक प्रदर्शनाने मात्र राज्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं: दुबळ्यांची विटंबना करून हा माणूस पैसा कमावतो आहे. वाइजमन यांच्या हेतूशी या आरोपाचा काही संबंध नव्हता, पण कोर्टात तो चिकटला.

कोर्टात

न्यूयॉर्कमधलं प्रदर्शन थांबवण्याचे प्रयत्न फसले. तिथे ब्रिजवॉटरच्या काही पहारेकऱ्यांनीही आपल्या खासगीपणाचा भंग झाला म्हणून संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला होता. विषय सार्वजनिक हिताचा आहे असं म्हणून तो फेटाळला गेला.

मॅसॅच्युसेट्समध्ये वारं उलटं होतं. जानेवारी १९६८ मध्ये न्यायाधीश हॅरी केलस यांनी निकाल दिला: तोंडी कराराचा भंग झाला आहे, रुग्णांच्या खासगीपणाचाही भंग झाला आहे, सिनेमा मागे घ्या आणि निगेटिव्हसकट नष्ट करा. निकालाची भाषा इतकी जळजळीत आहे की न्यायाधीशांना किळस नेमकी कशाची आली, ब्रिजवॉटरची की सिनेमाची, असा प्रश्न वाचताना पडतो.

अपिलात, १९६९ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नष्ट करण्याचा आदेश रद्द केला. खासगीपणाचा मुद्दा मात्र कायम ठेवला आणि मधली वाट काढली. सिनेमा काही ठरावीक लोकांना दाखवता येईल: आमदार, न्यायाधीश, वकील, डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, समाजसेवक, या विषयांचे विद्यार्थी आणि अशा प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्था. सर्वसामान्य जनतेला नाही. शिवाय १९६६ नंतर ब्रिजवॉटरमध्ये सुधारणा झाल्या आहेत असा खुलासा सिनेमात घालावा.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सिनेमा बघता येतो. ज्याच्या करावर ते रुग्णालय चालतं आणि ज्याच्या मतावर तो आमदार निवडून येतो, त्याला नाही. रुग्णाची लाज राखायची असेल तर हजार विद्यार्थ्यांनी त्याला नग्न पाहिलं काय आणि हजार दुकानदारांनी पाहिलं काय, फरक काय पडतो? कोर्टाचं उत्तर असं की जाणकारांनी पाहिलं तर रुग्णाचा काही फायदा होऊ शकतो. पण आत काय चाललंय ते माहीत असणारे जाणकार आधीही कमी नव्हते. माहीत नव्हतं ते बाहेरच्यांना.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी हा नकार मान्य नसल्याचं नोंदवलं, पण त्याने निकाल बदलणार नव्हता.

बंदीच्या काळात वाइजमन यांनी काय केलं

याच भागामुळे हे प्रकरण एका सिनेमाचं न राहता एका कारकिर्दीचं होतं. पहिलाच सिनेमा कोर्टात अडकला म्हणजे नवा माणूस एकतर खटल्यालाच आयुष्य वाहून टाकतो किंवा धंदा सोडतो. वाइजमन यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. १९७० पर्यंत त्यांचे पुढचे तीन सिनेमे तयारही झाले होते: फिलाडेल्फियातल्या शाळेवरचा 'हायस्कूल', पोलिसांवरचा 'लॉ अँड ऑर्डर' आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात केलेला 'हॉस्पिटल'. मग बालन्यायालय, सरकारी मदतीचं कार्यालय, सैन्याचं प्रशिक्षण केंद्र, अशी एकामागून एक संस्था. विषय म्हणून संस्था निवडायची आणि नायक कुणालाच करायचं नाही, ही त्यांची ओळख ब्रिजवॉटरपासूनच सुरू होते.

कामाची पद्धत मात्र बदलली, आणि बदलाच्या प्रत्येक कलमामागे त्या खटल्याचा एकेक मुद्दा दिसतो.

संपादनाचा हक्क पूर्णपणे माझा, हे ते संस्थेशी आधीच स्पष्ट करून घेऊ लागले. संमती ते टेपवर घेत: चित्रीकरणाच्या आधी किंवा लगेच नंतर, आपण कोण, सिनेमा कशासाठी, कुठे दाखवला जाईल, हे सांगून समोरच्याचा होकार त्याच्याच आवाजात. लांबलचक फॉर्मवर सही घेण्यापेक्षा हे मला प्रामाणिक वाटतं. घाईत असलेला माणूस फॉर्म वाचत नाही, पण प्रश्न कानावर पडतोच. वितरणही त्यांनी हाती घेतलं; १९७१ मध्ये स्वतःची झिपोरा फिल्म्स ही कंपनी काढली आणि सिनेमांच्या प्रिंट ग्रंथालयं, महाविद्यालयं यांना थेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. बंदी असलेला सिनेमाही कोर्टाच्या अटी पाळून, प्रेक्षक परवानगीच्या गटातलेच आहेत अशी लेखी हमी घेऊन, वर्गावर्गांतून दाखवला जात राहिला. त्यामुळे एक गमतीशीर गोष्ट घडली: सर्वसामान्यांना बंद असलेला हा सिनेमा कायदा आणि मानसोपचाराच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यास म्हणून पाहिला. वाइजमन आपल्या वर्गाला घेऊन ज्यासाठी ब्रिजवॉटरला जात, ते काम सिनेमा परस्पर करत होता.

१९८७ ते १९९१ : बंदी उठली

१९८७ मध्ये ब्रिजवॉटरमध्ये मृत्यू झालेल्या सात जणांच्या कुटुंबीयांनी रुग्णालय आणि राज्य यांच्याविरुद्ध दावे लावले. यांतल्या एका मृताच्या वकिलांनी जाहीरपणे म्हटलं की वीस वर्षांपूर्वी तो सिनेमा लोकांपुढे येऊ दिला असता तर माझ्या अशिलाचा जीव गेला नसता. कार्यकारणाचा हा धागा सिद्ध करता येण्याजोगा नाही. पण तो कोर्टाच्या दारात बोलला जाऊ शकला, यातच खासगीपणाच्या युक्तिवादाची धार बोथट झाली.

वाइजमन यांनी पुन्हा अर्ज केला. हयात रुग्णांच्या हिताकडे पाहण्यासाठी न्यायालयाने स्वतंत्र वकील नेमला. १९६७ मध्ये नेमका हाच माणूस कुठे नव्हता! राज्यही नाही, दिग्दर्शकही नाही, केवळ रुग्णांच्या वतीने बोलणारा तिसरा कुणी. मधल्या टप्प्यावर चेहरे धूसर करून सिनेमा दाखवावा असा तोडगा पुढे आला. वाइजमन यांना तो मान्य नव्हता. चेहरा पुसला की उरतं ते नुसतं नागडं शरीर, आणि रुग्णाचं माणूसपण तर चेहऱ्यातच होतं. १९९१ मध्ये न्यायाधीश अँड्र्यू मायर यांनी सिनेमा सर्वांसाठी खुला केला. पुष्कळ रुग्ण आता हयात नाहीत, मधल्या काळात खासगीपणाच्या प्रश्नाची तीव्रता कमी झाली आहे आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं पारडं जड आहे, हे कारण. पुढच्याच वर्षी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर तो देशभर दिसला.

कोर्टाने सांगितलेला खुलासा सिनेमाच्या शेवटी आहे. वाइजमन यांनी आधी एक पाटी टाकली: मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने असा असा खुलासा घालायचा आदेश दिला आहे. आणि मग दुसरी पाटी, आदेशातलेच शब्द जसेच्या तसे: १९६६ नंतर ब्रिजवॉटरमध्ये बदल आणि सुधारणा झाल्या आहेत. आदेश अक्षरशः पाळला.

निष्पत्ती

वाइजमन यांच्या बाजूने पाहिलं तर कारकीर्द मोडली नाही. १९८२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, २०१६ मध्ये मानद ऑस्कर, वयाच्या नव्वदीनंतरही 'सिटी हॉल' (२०२०) आणि फ्रान्समधल्या एका उपाहारगृहावरचा 'मेन्यू-प्लेझिर : ले त्रोआग्रो' (२०२३) हे सिनेमे. 'टिटिकट फॉलीज' २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. न्यायाधीश केलस यांचा आदेश जसाच्या तसा अमलात आला असता तर नोंदवायला प्रिंटच उरली नसती.

रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर हिशोब इतका सुटसुटीत नाही. सत्तरच्या दशकात ब्रिजवॉटरला नवी इमारत मिळाली. त्यात सिनेमाचा वाटा किती, हे ठामपणे म्हणता येत नाही; वाइजमन स्वतः सिनेमाने थेट सुधारणा घडतात या दाव्याकडे कायम संशयाने पाहत आले. २०१७ मध्ये तिथल्या उपचारांची जबाबदारी एका खासगी कंपनीकडे गेली, तरी संस्था सुधारणागृह खात्याकडेच राहिली. म्हणजे १९६६ मध्ये जो मूळ प्रश्न होता, रुग्णालय की तुरुंग, त्याचं उत्तर पन्नास वर्षांनीही तेच होतं.

वेगळं काय करता आलं असतं

वाइजमन यांनी अंतिम मंजुरीचं कलम १९६६ मध्ये लेखी आणायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. आणलं असतं तर नकार मिळण्याची शक्यता मोठी होती, आणि मग हे प्रकरणही नसतं आणि सिनेमाही नसता. त्यामुळे तिथे मी त्यांना दोष देणार नाही. जून १९६७ ची गोष्ट मात्र वेगळी. चित्रीकरण हातात होतं, समोर खुद्द ॲटर्नी जनरल बसले होते, वातावरण अनुकूल होतं. दुसऱ्या दिवशी एक साधं पत्र पाठवून 'काल आपण सिनेमा पाहिलात, आपली हरकत नाही असं मी समजतो' एवढं नोंदवलं असतं तर सप्टेंबरात राज्याला पवित्रा बदलणं जड गेलं असतं. वकिलाला हे सुचायला हवं होतं.

संमतीबाबत त्यांना आणखी पुढे जाता आलं असतं. नातेवाइकांपर्यंत पोहोचणं शक्य होतं, निदान काही रुग्णांच्या बाबतीत. नळीने अन्न देण्याच्या प्रसंगातला माणूस नंतर मरण पावला. त्याच्या घरच्यांना विचारायला वेळ होता. विचारलं असतं आणि नकार आला असता तर? तर सिनेमातलं सगळ्यात प्रभावी दृश्य गेलं असतं, आणि सगळ्यात बटबटीत जोडणीही गेली असती. हा सौदा वाईट नव्हता.

राज्याने काय करायला हवं होतं यावर फार लिहावंसं वाटत नाही. अधीक्षकाला पैसा हवा होता, सिनेमा तयार होता, विधिमंडळ भरलेलं होतं. खटल्यावर खर्च केलेली शक्ती त्या आवारातल्या एका वॉर्डावर खर्च झाली असती तरी चाललं असतं. रिचर्डसन यांच्याबद्दल मात्र एक नोंद. १९७३ मध्ये, अमेरिकेचे ॲटर्नी जनरल असताना, वॉटरगेटच्या विशेष सरकारी वकिलाला काढा हा अध्यक्ष निक्सन यांचा आदेश धुडकावून त्यांनी राजीनामा दिला आणि ताठ कण्याचा माणूस म्हणून नाव कमावलं. त्याच माणसाने सहा वर्षांपूर्वी, आपणच शब्द टाकून उभ्या केलेल्या सिनेमावर दावा लावला होता.

आणि न्यायालय? १९८७ नंतर नेमलेला तो स्वतंत्र वकील पहिल्याच खटल्यात नेमला असता तर रुग्णांचा खासगीपणा आणि राज्याची अब्रू या दोन गोष्टी निदान वेगवेगळ्या टेबलांवर मांडल्या गेल्या असत्या. कदाचित काही रुग्णांनी नको म्हटलं असतं. कदाचित तो मंडळासमोर बोलणारा तरुण म्हणाला असता, दाखवाच.

वाइजमन यांनी स्वतः या प्रश्नाचं उत्तर वीसेक वर्षांनी दिलं, तेही त्याच राज्यात. बॉस्टनच्या बेथ इस्राएल रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्यांनी 'निअर डेथ' (१९८९) केला. जवळजवळ सहा तासांचा सिनेमा. मरणाच्या उंबरठ्यावर पडलेले, बोलू न शकणारे रुग्ण, आणि उपचार थांबवायचे की नाही हे ठरवणारे डॉक्टर व घरचे लोक. संमती देऊ न शकणारा माणूस पुन्हा कॅमेऱ्यासमोर होता. या वेळी त्याच्या वतीने होकार द्यायला खात्याचा माणूस नव्हता, घरचे होते, आणि सिनेमावर कुणी खटला भरला नाही.